फ्लेक्सवरची मोकळी जागा

आमचा धंदा मंडपाचा. तिसगावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लग्न, साखरपुडा, दहावा, उद्घाटन, भूमिपूजन यांपैकी काहीही निघालं की खुर्च्या आमच्या घरातून जात. त्यामुळे समारंभ मी लहानपणापासून मागच्या बाजूने पाहिले. पुढून जी मखमली महाराजा खुर्ची दिसते, तिच्या पाठीतून काथ्या बाहेर आलेला असतो आणि ती बाजू पडद्याला लावायची असते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. सत्काराची शाल खांद्यावर पडते, घरी जाऊन घडीसकट कपाटात बसते आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पडते. सोनेरी काठाची एक निळी शाल आमच्या भागात इतकी फिरली होती की मी तिला लांबून ओळखायचे. अशा घरात वाढलेल्या माणसाला समारंभाबद्दल फार भक्तिभाव राहत नाही. खुर्च्या न मोडता परत आल्या की समारंभ चांगला झाला, असं आमच्याकडे धरतात.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मला बऱ्यापैकी मार्क पडले. सायन्स होतं. ते मी का घेतलं होतं, तर दहावीला मार्क होते. ट्रॉलीत जागा उरली की माणूस अजून चार पोती टाकतो, तसं. इंजिनिअर व्हायचं नाही आणि डॉक्टरही व्हायचं नाही, हे त्या दोन वर्षांत पक्कं कळलं. काय व्हायचं ते मात्र कळलं नाही. मग कॉलेजला तरी कशासाठी जायचं? ज्या गावाला जायचं ते माहीत नसताना स्टँडवर जाऊन तिकीट मागण्यासारखं ते मला वाटत होतं. त्यापेक्षा वर्षभर घरी राहावं, मंडपाचं काम बघावं, विचार करावा.

हे मी आईला सांगितलं. ती तेव्हा खुर्च्यांची पांढरी कव्हरं पिळत होती.

"वरीसभर इचार करनार?"

"हो."

"तुझ्या इचाराला कोन थांबतंय, बया? तू घरी हाईस हे कळलं की पाहुणे दारात हुबे ऱ्हातील. पोरगी इचार करायला घरी बसली, असं कुनी म्हनतं का? लग्नाची हाय म्हनून बसली, असंच म्हनत्यात. धर, दुसरं टोक धर."

मी कव्हराचं दुसरं टोक धरलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला आवडत नव्हतं. पाहुणे टाळायला कॉलेजला जायचं, हेही काही जायचं कारण नव्हे.

वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "तू ठरव." ऐकायला हे फार उदार वाटतं. पण झालरीचा रंग विचारायला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते असंच म्हणत, आणि रंग विटका दिसला की "तुमीच ठरवलं हुतं" असंही म्हणत.

मैत्रिणीने नगरच्या एका कॉलेजात बी.ए.चा अर्ज भरला, तेव्हा तिच्याबरोबर मीही भरला होता. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलताना अजून नगरच निघतं. यादीत माझं नाव लागलं. सोमवारी दुपारपर्यंत जाऊन प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. आणि आदल्या दिवशी, रविवारी, गावात गुणवंतांचा सत्कार होता. मंडप अर्थातच आमचा.

शनिवारी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. आमच्याकडे गुणवंतांच्या फ्लेक्सची एक ठरलेली पद्धत आहे. वर पुढाऱ्यांचे मोठे फोटो, खाली गुणवंतांचे लहान, आणि प्रत्येक गुणवंताच्या खाली लाल अक्षरांत 'भावी' आणि पुढे काहीतरी. भावी डॉक्टर, भावी इंजिनिअर, भावी फौजदार.

"ताई, तुझ्या खाली काय टाकू?"

"काही टाकू नका. ठरलं नाही अजून."

"आसं कसं? समद्यांच्या खाली हाय. तेवढी जागा मोकळी दिसंल."

"दिसू द्या."

"बरं बघतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. या 'बघतो'चा अर्थ मला कळायला हवा होता. आमच्या धंद्यात मोकळी जागा कुणालाच सहन होत नाही. स्टेजवर कोपरा रिकामा दिसला तर वडील स्वतः तिथे कुंडी नेऊन ठेवतात.

रविवारी संध्याकाळी फ्लेक्स लागला आणि माझ्या फोटोखाली 'भावी कलेक्टर' असं छापलेलं होतं. मी विचारलं तेव्हा फ्लेक्सवाला शांतपणे म्हणाला, "जुनी येक डिझाइन हुती कॉम्प्युटरमधी. तिच्यात फोटो बदलला. आगं, कमी तर न्हाई ना टाकलं?"

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून एका साखर कारखान्याचे संचालक आले होते. त्यांच्याबरोबर इतकी माणसं आली आणि तीही सगळी स्टेजवर चढली, की खाली बसलेल्यांपेक्षा वर उभे राहिलेले जास्त झाले. वडील स्टेजच्या पायांकडे बघत होते. थोड्या वेळाने ते दिसेनासे झाले. मला माहीत होतं, ते स्टेजखाली टेकू लावायला शिरले असणार.

सूत्रसंचालन आमच्याच शाळेतले एक सर करत होते. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि ते त्यांनाही माहीत होतं. सत्कार झाला की प्रत्येक मुलाच्या तोंडासमोर ते माईक धरत आणि विचारत, "बाळा, पुढे काय व्हायचंय?" मुलं फ्लेक्सवरचं म्हणून दाखवत. टाळ्या होत.

माझा नंबर आला. नारळ हातात आला आणि शाल खांद्यावर पडली. ती तीच निळी शाल होती. सोनेरी काठ एका बाजूने उसवला होता.

"बेटा, पुढे काय व्हायचंय?"

"सर, अजून ठरलं नाही."

मला वाटलं, चला, एकदाचं बोलून झालं. आता जे होईल ते होईल. पण सरांनी माईक स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "पाहा! केवढा हा विनय! भावी कलेक्टर, पण तोंडाने म्हणवत नाही!" इतरांपेक्षा मला टाळ्या जास्त पडल्या.

त्या टाळ्यांनी प्रमुख पाहुण्यांना जोर आला. ते उठून माईकपाशी आले, मान वळवून फ्लेक्सवर माझा फोटो शोधला आणि म्हणाले, "ही लेक आता एकट्या आई-बापाची राहिली नाही. हिला पुण्याला ठेवून कलेक्टर करायची जबाबदारी माझी!" स्टेजवरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. फळ्या करकरल्या.

घरी पोहोचेपर्यंत सगळं ठरलेलं होतं. शेजारच्या काकू दारात थांबूनच म्हणाल्या, "कधी निघालीस पुन्याला? गेल्यावर वळख ठेव म्हनजे झालं." कर्जतच्या मावशीचा फोन येऊन गेला होता, तिला कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. जेवताना आईने विचारलं, "खरंच पाठवतील का गं साहेब?" मी वडिलांकडे बघितलं. त्यांच्या केसांत अजून स्टेजखालची माती होती.

"तुम्ही ऐकलं का ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"ऐकलं की. स्टेजखाली हुतो, बरूबर त्यांच्या पायाखाली. वर बोलनं चाललं हुतं आन खाली माझा टेकू सरकत हुता. मी टेकूकडं बघितलं." घास घेऊन ते पुढे म्हणाले, "तू नगरचं बोल. उद्याच्याला शेवटचा दिस हाय ना?"

त्यांच्या लक्षात होतं. पण मला काय बोलायचं तेच कळेना. नाही गेले तर गाव म्हणणार, कलेक्टर व्हायची संधी सोडून घरी बसली. नगरला गेले तर म्हणणार, पुणे सोडून एवढ्यावर भागवलं. आणि मुळात मला जायचं आहे का, हे कुठेच येत नव्हतं. 'ठरलं नाही' हे सरळ वाक्य मी माईकवरून, मोठ्या आवाजात, अख्ख्या गावाला सांगितलं होतं आणि एकालाही ऐकू आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मंडप सोडायला मी वडिलांबरोबर गेले. कामाने डोकं हलकं होतं. मी झालरी उतरवत होते तेवढ्यात एक पिकअप येऊन उभी राहिली. करंजीच्या रस्त्याला शेत असलेले एक दादा त्यातून उतरले. सत्कार संपल्यावर फ्लेक्स कुणीतरी मागून नेतो, हीही आमच्याकडची पद्धत आहे. गोठ्याला, कडब्याच्या गंजीला, कांद्याच्या ढिगाला तो कामी येतो. आमच्या भागात फिरलं तर पावसाळ्याआधी कितीतरी भावी डॉक्टर आणि फौजदार कडबा राखताना दिसतात.

"काय कलेक्टरबाई, तुमचा फ्लेक्स मिळंल का? कांदे उघडे हायेत. माझा एक हाय जुना, पर तो फाटला."

त्यांचा म्हणजे खरोखर त्यांचा. मी शाळेत होते तेव्हा हे दादा याच मंडपात भावी कलेक्टर होते. मग पुण्याला काही वर्षं अभ्यास करून परत आले. गावाने त्यांना पहिली काही वर्षं साहेब म्हणून चिडवलं आणि नंतर कंटाळून सोडून दिलं.

वडील पलीकडे पाईप मोकळे करत होते. आम्ही दोघं फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागलो.

"दादा, एक विचारू? मी जावं का नको?"

"पुन्याला? ते साहेब विसरलं बी आसंल."

"पुण्याला नाही. नगरला, बी.ए.ला. पण काय व्हायचं तेच मला माहीत नाही."

ते दोरीची गाठ दातांनी सोडवत होते. ती सुटल्यावर म्हणाले, "मला माहीत हुतं. पक्कं. त्यामुळं दुसरं काई बघितलंच न्हाई. पुस्तक उघडलं की हे परीक्षेला येनार का, तेवढंच बघायचं. मास्तर कवा रंगात येऊन काई चांगलं सांगाया लागला की आमी समदे वरडायचो, सर, हे सिलॅबसमधी न्हाई! येवढी वर्षं पुस्तकात डोकं घालून बसलो, पर येक पुस्तक नुसतं वाचावं वाटलं म्हनून वाचलं न्हाई."

"मग आता वाचता?"

"आता कांदे हायेत."

आम्ही फ्लेक्स खाली घेतला आणि जमिनीवर पसरला. पुढाऱ्यांच्या फोटोंवरून चालत जाऊन ते दुसऱ्या टोकाला पोहोचले.

"म्हणजे जावं असंच ना?"

"मी कुठं म्हनलं? माझं आयकून जाऊ नको. आन माझं आयकून ऱ्हाऊ बी नको. कोपरा धर."

घडी घालून फ्लेक्स पिकअपमध्ये टाकला. दादा गाडीत बसले, मग खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "त्वांड वर ठेवू का खाली?"

"कुणाचं?"

"तुझं की. वर ठेवलं तर समद्या रस्त्याला दिसंल. खाली ठेवलं तर नुसते कांदे बघतील."

"खाली ठेवा."

"बेस. पांढरी बाजू वर असली की ऊन बी कमी धरतंय."

पिकअप गेली. मी अर्धवट सोडलेल्या झालरीपाशी थोडा वेळ उभी राहिले. सर रंगात येऊन सिलॅबसबाहेरचं काहीतरी सांगतायत आणि सगळा वर्ग ओरडतोय, हे चित्र काही केल्या जाईना. ते सर काय सांगत होते, हे मला ऐकायचं होतं. ते ऐकून पुढे काय व्हायचं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. जायला इतकं कारण पुरेल असं मला वाटलं. आदल्या दिवसापासून मला जी कारणं पुरवली जात होती, त्यांच्यापेक्षा हे बरं होतं.

मी वडिलांना म्हणाले, "पप्पा, मी नगरला जाऊन येते. प्रवेश घेते."

त्यांनी पाईप खाली ठेवला. "काय व्हायला?"

"माहीत नाही."

"बरं." त्यांनी घड्याळात बघितलं. "यष्टी निघंल, जा. झालरी ऱ्हाऊ दे, आल्यावर घडी घाल."

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत समाजशास्त्रात काय काय शिकवतात ते दिलं होतं. विधी, प्रतिष्ठा, समूह. या विषयाला आमचं घर कैक वर्षं खुर्च्या पुरवत आलेलं आहे, असं वाटून मी तोच विषय घेतला. साहेबांचा पुण्याबद्दल निरोप आला नाही. पुढच्या वर्षीच्या सत्काराला ते आले तेव्हा मी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी मला ओळखलं नाही. मला त्याचं बरंच वाटलं.

रोज सकाळच्या एसटीने मी जायचे. कंडक्टर तिसगावचाच होता. सुरुवातीला तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "कलेक्टरबाई, पास दाखवा!" महिन्याभरात तो नुसतं "पास" म्हणायला लागला. करंजी घाटाच्या अलीकडे डाव्या हाताला दादांचं शेत लागायचं. ढिगावर फ्लेक्स ताणून बसवलेला असे, चारी बाजूंनी दगड ठेवलेले. वरची बाजू पांढरी होती आणि तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी खिडकीशी बसले असले तर तिकडे बघायचे.

पुढे मी काय करायला लागले ते ठरायला अजून बरीच वर्षं गेली, आणि जे ठरलं तेही एका ओळीत छापण्यासारखं नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला वडिलांनी एकदा मंडप बांधता बांधता विचारलं होतं, "काय, ठरलं का?"

"नाही अजून."

"आवडतंय का?"

"हो."

"मग ती फळी धर," ते म्हणाले.