बोंबलांखाली बसून दिलेली हजेरी

"मागे काय लटकलंय ते?"

सरांनी विचारलं. भर तासाला, सगळ्यांसमोर. स्क्रीनवर चौकटीच चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक चेहरा. सगळे माझ्या चौकटीकडे बघायला लागले.

"बोंबील, सर."

"काय?"

"बोंबील. वाळत घातलेत."

मग एक चौकट हसली. मग दुसरी. मग ती हसून रडणारी पिवळी तोंडं स्क्रीनवर खालून वर जायला लागली. सर आधी हसले नाहीत. त्यांनी दोन बोटांनी नाक धरलं आणि म्हणाले, "अगं, इथपर्यंत वास आला."

त्यानंतर वर्ग मोकळा हसला. परवानगी सरांनीच दिली होती.

"हे कॉलेज आहे, मासळीबाजार नाही. नीट जागा शोध, नाहीतर तासाला बसू नकोस."

मी कॅमेरा बंद केला. त्याच क्षणी माझ्या नावापुढे लाल अक्षरं उमटली. गैरहजर. नियमच तसा होता. चेहरा दिसला तर हजर, चेहरा झाकला तर गैरहजर. मी तिथेच होते. कान उघडे होते, वही मांडीवर होती. पण ॲपच्या लेखी मी नव्हते.

जागा शोध म्हणे. शोधूनच बसले होते.

तारापूरच्या पुढे खाडीच्या काठाला आमची वाडी. घराला घर चिकटलेलं, वर पत्रा. घरात फोनला रेंज मिळत नाही. उंबऱ्यात आलात तर एक काडी. पूर्ण रेंज मिळते ती फक्त खळ्यात. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथे बांबूच्या उंच वलांडी बांधलेल्या असतात आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं बोंबील टांगतात. उन्हात स्क्रीन दिसत नाही. सावली हवी. खळ्यात सावली एकच, बोंबलांची. म्हणून मी वलांडीखाली बसायचे. ताज्या बोंबलाचं पाणी वहीवर ठिबकायचं. अर्थशास्त्राची माझी वही अजून खारट आहे.

हे सगळं कोविडमधलं नाही. कोविड गेला, ॲप राहिलं. बोईसरच्या आमच्या कॉलेजात वर्ग कमी, शिकवणारे त्याहून कमी. म्हणून सकाळचे तास फोनवर. या अडचणीला त्यांनी 'आधुनिक शिक्षण' असं नाव दिलं आणि त्याचे प्रमुख म्हणून या सरांना बसवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर एक स्टिकर आलं. माझाच चेहरा. स्क्रीनवरून उचललेला. तोंड अर्धं उघडं, डोक्यावर बोंबलांची झालर. खाली लिहिलं होतं, 'प्रेझेंट सर'. ते स्टिकर गुड मॉर्निंगला यायचं. परीक्षेच्या सूचनेखाली यायचं. कुणाचा वाढदिवस असला तरी यायचं. मी ग्रुप सोडू शकत नव्हते, कारण तासाची लिंक त्याच ग्रुपवर यायची. म्हणजे शिकायचं असेल तर आधी ते स्टिकर बघायचं. रोज.

फोन खाडीत भिरकावून द्यावा असं वाटायचं. देता येत नव्हता. फोन माझा नव्हता.

फोन आईचा. आईचा धंदा त्यात. कोविडपासून बोईसरच्या सोसायट्यांमधल्या बायका फोनवरच मासळी सांगतात. आईला वाचता येत नाही. मग तिनं स्वतःची एक रीत काढली. ज्या गिऱ्हाइकाला जी मासळी आवडते तिचा फोटो त्या नंबरला लावायचा. कोळंबी दिसली की ती नवीन लग्न झालेली पोरगी. मुशी दिसली की मराठवाड्याकडची बाई, बाळंतिणीसाठी घेते. दोन पापलेट शेजारी शेजारी दिसले की पापलेटवाली बाई. फोन वाजला की आई फोटो बघते आणि उचलतानाच म्हणते, "बोला ताई, आज मोठा हाय."

आणि हे सगळे फोन येतात सकाळी. लिलाव आटोपून आई पाटी भरते तेव्हा. म्हणजे नेमके माझ्या तासाला.

तरी आई फोन माझ्याकडे द्यायची. "शिक बाय. गिऱ्हाईक थांबंल." गिऱ्हाईक थांबत नसतं. तास चालू असताना फोन वाजायचा आणि माझी चौकट काळी पडायची. बोलून परत येईपर्यंत ॲपनं मला बाहेर काढलेलं असायचं. परत आत यायला सरांची परवानगी लागायची. सर द्यायचे नाहीत. "ज्यांना गांभीर्य नाही त्यांनी बाहेरच थांबावं," असं एकदा सगळ्यांना ऐकवलं.

त्या दिवशीही तसंच झालं, फक्त मी आईबरोबर बोईसरला आले होते आणि सोसायटीच्या फाटकाशी बसून तास ऐकत होते. सर मागणी-पुरवठा शिकवत होते. स्क्रीनवर दोन पापलेट आले. मी तास सोडून फोन घेतला. "मावशी कुठे आहेत? दोन मोठे हवेत हं, पाहुणे आहेत. बेल वाजवू नका, आमच्या ह्यांचा तास चालू आहे."

आई दुसऱ्या बिल्डिंगीत जाणार होती म्हणून ते पापलेट घेऊन मी गेले. जिन्यानं. लिफ्टमध्ये पाटी चालत नाही. बाईंनी दार उघडलं. बाई वाईट नव्हत्या. "ये गं, पण पाटी बाहेरच ठेव," म्हणाल्या. त्या ताट आणायला आत वळल्या आणि मला आतली भिंत दिसली. निळी भिंत, पितळी घड्याळ, काचेचं पुस्तकांचं कपाट. ही भिंत मी रोज बघते. स्क्रीनवर, सरांच्या मागे.

मग आवाज आला. आतून, स्पष्ट. सर शेवटची हजेरी घेत होते. माझं नाव घेतलं. थांबले. "नाहीच का? बोंबलांना पाणी घालायला गेली असेल."

मी दारात उभी होते. हातात त्यांचेच पापलेट.

पापलेट ताटात ठेवले आणि निघाले. बोलायला पाहिजे होतं असं आज कुणी म्हणेल. त्यांनी एकदा त्या दारात उभं राहून बघावं. पाय आपोआप जिन्याकडे वळतात.

सत्र संपलं. हॉल तिकिटं निघाली. माझं रोखलं. कारण, हजेरी अपुरी. आईनं विचारलं, "म्हंजे काय?" मी सांगितलं, परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं. आई पाटीच्या कडेला टेकली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ही पायरी माझी एकटीची नव्हती. तिच्या डोक्यावरची चुंबळ त्या पायरीखाली होती.

"मी येते," आई म्हणाली. "मी सांगते त्याला. फोन माझा हाय म्हणून."

आमच्यात कुणाच्या दारी काही मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत. डॉक्टर असो, शिक्षक असो. हंगामाचा चांगला सुकलेला बोंबील द्यायचा. तो मान असतो. आईनं वलांडीवरचे निवडून काढले, कागदात बांधले, वर दोरा गुंडाळला. मला सांगता आलं नाही की आई, नको, दुसरं काहीही ने. तिला स्टिकरचं माहीत नव्हतं.

कॉलेजात तिनं पुडकं सरांच्या टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. "साहेब, पोरीला बसू द्या. ती पळाली नाय तासातून. फोन माझाच हाय, मला गिऱ्हाइकांचे फोन येतात."

सर खुर्चीसकट मागे सरकले. "हे उचला आधी. उचला, उचला. एसी आहे खोलीत."

आईनं उचललं. छातीशी धरलं.

मग सर शांतपणे बोलायला लागले. शांतपणा हा त्यांचा गुण. "कसं आहे बाई, तुमचा दोष नाही. तुमच्या मुलांच्या मनात तंत्रज्ञानाची भीती असते. न्यूनगंड असतो. घरात वातावरण नसतं. मी याच विषयावर पुढच्या आठवड्यात एका परिषदेत बोलणार आहे. ग्रामीण विद्यार्थी ऑनलाइन शिक्षण का स्वीकारत नाहीत." आणि माझ्याकडे वळले. "तू मला मदत कर, मी तुला करतो. एक छोटा व्हिडिओ दे. हजेरीचं मी बघून घेतो."

काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. 'मी मच्छीमार समाजातली मुलगी. मला आधी मोबाईलवर शिकायची भीती वाटायची. पण सरांनी समजावलं आणि मी तंत्रज्ञानाचा स्वीकार केला.'

मी तयार झाले. खरं सांगते, झाले. वर्ष वाचत होतं. चार वाक्यं बोलायची होती. भुकेल्या माणसाला कुणी विचारत नाही की भाकरी कुणाच्या हातची.

सरांनी फोन उभा धरला. मला भिंतीपाशी उभं केलं. ओढणी नीट घ्यायला सांगितली. आणि मग म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय. आणि ते पुडकं पण."

आई सरकली. लगेच सरकली. भिंतीला पाठ लावून, अंग चोरून कोपऱ्यात उभी राहिली. पुडकं दोन्ही हातांनी झाकलं.

माझी आई मासळीच्या बाजारात कुणासाठी सरकत नाही. तिच्या जागेवर एकदा पोलिसाची गाडी लागली होती. तिनं ती काढायला लावली होती. "तुजी गाडी चाकावर हाय, माजा धंदा जमिनीवर हाय. तू सरक," म्हणाली होती. ती बाई माझ्या चार खोट्या वाक्यांसाठी कोपऱ्यात गेली.

"बोल," सर म्हणाले. "चालू आहे."

मी बोलले.

"मी मच्छीमाराची मुलगी. मला मोबाईलची भीती कधीच वाटली नाही. भीती तुमची वाटली, सर."

सर म्हणाले, "ए, काय हे?"

"माझ्या घरात रेंज नाही. फोन एकच आहे. मी रोज वलांडीखाली बसून तुमचा तास ऐकला. तुम्ही नाक धरलंत आणि वर्ग हसला. बोंबलाचा वास स्क्रीनमधून येतो, आणि पापलेटचा दारातून येत नाही? तुमच्या घरी पापलेट मीच आणून देते, सर. तुम्ही हजेरी घेत होता तेव्हा मी तुमच्या दारात होते. हजर होते."

सरांनी फोन खाली केला. चेहरा लाल. हळू म्हणाले, "आता हॉल तिकीट विसर."

"विसरले," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर आई पुडकं छातीशी धरूनच चालली. बोईसर नाक्यावरून रिक्षा धरली. गाडी सालवडच्या पुढे आली तेव्हा विचारलं, "वरीस गेला ना तुजा?"

"गेलं."

"मंग बोलायचा होता तर आदी बोलायचा. माजे बोंबील तरी वाचले असते." पुडकं तिनं मांडीवर सोडलं. दाबून धरून धरून आतला चुरा झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर दोन पापलेट. आईनं फोटोकडे बघितलं. उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

पुढच्या आठवड्यात तिनं तो फोन उचलला. "बोला ताई," म्हणाली. गिऱ्हाईक टाकून चालत नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण या गोष्टीचा कुणी गोड शेवट करू नये.

वर्ष गेलं ते गेलं. माझ्याबरोबरची पोरं पुढे गेली. मी त्याच वर्गात परत नाव घातलं आणि तेव्हा कळलं की गळालेली मी एकटी नव्हते. सालवडची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिचंही वर्ष गेलं होतं. तिचे वडील कारखान्यात रात्रपाळी करतात. एक खोली, दिवसा ते झोपतात. तासाला सर माईक चालू करून उत्तर द्या म्हणतात. ती म्हणाली, "मी बोलले तर बाबा उठतील. उठले तर फोन फोडतील. मग मी बोललेच नाही. सरांनी लिहिलं, 'सहभाग शून्य'." मासवणकडची एक मुलगी रेंजसाठी टेकाडावर चढून बसायची. गावात बोभाटा झाला की पोरगी रोज कुणाला भेटायला टेकाडावर जाते. घरच्यांनी कॉलेजच बंद केलं. तिची तर आमच्याशी आता भेटही होत नाही.

यांना म्हणे तंत्रज्ञान स्वीकारता आलं नाही. न्यूनगंड म्हणे. अरे, आम्ही ते कधीच स्वीकारलं. माझ्या निरक्षर आईनं फोनचा धंदा करून दाखवला. स्वीकारलं नाही ते तुम्ही. आमचं घर, आमची झोपायची वेळ, आमचा वास. ते तुमच्या चौकटीत बसत नाही, म्हणून चौकटीबाहेर आम्ही.

परिषद झाली. सर बोलून आले. टाळ्या पडल्या असतील. या सत्रातही सकाळचे तास ॲपवरच आहेत, प्रमुखही तेच आहेत आणि माझं ते स्टिकर नव्या पोरांपर्यंत पोचलं आहे. हॉल तिकीट यंदाही रोखतील. मला माहीत आहे.

म्हणून हे पत्रक मी लिहिलं आणि सालवडच्या मैत्रिणीनं छापून आणलं. उद्या दुपारी कॉलेजच्या फाटकात वाटणार. ज्यांचं वर्ष गेलं त्यांनी यावं. आईला घेऊन यावं. पाटीसकट यावं.

आणि सर, तुमच्यासाठी एवढंच. सकाळी तास आहे. मी असेन. जागा बदललेली नाही, बदलणारही नाही. त्याच वलांडीखाली, कॅमेरा चालू ठेवून. मागे बोंबील असतील, शेजारी आई असेल आणि या वेळी ती सरकणार नाही. गैरहजर लिहायचं तर हा चेहरा बघून लिहा.

वास आला तर नाक तुमचं तुम्ही धरा.