टॉरमडचा दगड

अखमोर गावात एके काळी अकरा घरं होती आणि बेन ना सूल डोंगराच्या माथ्यावर अकरा दगड. घर वसलं की घरच्याने एक दगड खांद्यावरून वर न्यायचा. घर उठलं की तोच दगड खाली आणून बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवायचा. वर दगड असेल, तर खाली धूर निघाला पाहिजे. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, आणि कुणी मोडलाही नव्हता.

आता वर दोनच दगड उरले होते. एक ओइरिकच्या घरचा, दुसरा शेजारच्या टॉरमडचा. त्यातून टॉरमडचं कमरेचं हाड मोडलं आणि त्याला इन्व्हरनेसच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तेव्हापासून त्याचं धुराडं गार होतं.

ऑगस्टात एका सकाळी फिरत्या दुकानाची गाडी घेऊन रूअरी आला. ओइरिकला पीठ, चहा, साबण काढून देताना म्हणाला, "टॉरमडला भेटून आलो. आता परत येत नाही म्हणतो. दगड उतरवायला सांगितलाय."

"कुणाला सांगितलाय?"

"तुम्हालाच. मेंढ्यांना सांगून बघितलं असतं, पण त्या त्याचं कधी ऐकायच्या नाहीत."

"मी त्र्याहत्तर वर्षांची आहे म्हणावं."

"म्हटलं ना. म्हणाला, तिला वय मिरवायची सवयच आहे."

ओइरिक हसली नाही. पिठाची पिशवी उचलून आत गेली. टॉरमडने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, एकदा उसना घेतलेला कोयता सोडला तर.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, चार विटा रचल्या, ओटच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि काठी घेऊन निघाली.

बेन ना सूल काही उंच नाही. पण त्याच्या पायथ्याशी तीन मैल दलदल पसरलेली आहे, आणि तिथल्या चिखलाला माणसं थरथरता डोळा म्हणतात. वर कोवळं हिरवं शेवाळ, खाली तळच नाही. पाय पडला की दहा हातांवरचं गवत हलतं. म्हणून तिथं एकट्याने जायचं नाही, पुढच्याने काठीने चाचपायचं आणि मागच्याने त्याच्या पावलात पाऊल टाकायचं. पुढे नेहमी टॉरमड असे. "हिरवं हसतंय तिकडे जाऊ नको," तो मागे न बघता म्हणायचा. "काळं, रुसलेलं झुडूप दिसतंय ना, त्याच्यावर पाय दे. रुसलेलं माणूस दगा देत नाही."

आज पुढे कुणी नव्हतं. ओइरिक स्वतःच चाचपत होती आणि स्वतःच मागून येत होती. मधल्या ओढ्यापाशी तिचा अंदाज चुकला. डावा पाय मांडीपर्यंत गेला. तिने हाक मारली नाही. मारून ऐकणार कोण? काठी आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकलं आणि अडलेल्या गाईच्या पोटातून वासराचा पाय ओढावा तसा आपला पाय दोन्ही हातांनी हळूहळू ओढून काढला. बूट आला, पण चिखलाने भरून.

माथ्यावर पोचली तेव्हा सूर्य कलला होता. वारा होता, पण ढग नव्हते. खाली तिच्या घराचा धूर बारीक दोऱ्यासारखा दिसत होता. बाजूला टॉरमडचं छप्पर.

तिचा दगड भाकरीएवढा. टॉरमडचा मात्र बसलेल्या मेंढीएवढा. सव्विसाव्या वर्षी वेगळं घर मांडलं तेव्हा त्याने ओढ्यातला सगळ्यात मोठा दगड निवडला, दोराने पाठीला बांधला आणि अख्ख्या गावाला दिसावा म्हणून चर्च सुटायच्या वेळेला निघाला. ओइरिक मागून होती. वर आल्यावर ती म्हणाली होती, "शहाण्या, हा उतरवणार कोण?"

तो धापा टाकत म्हणाला होता, "उतरवायचाच नाही."

तिने दगडाला हात घातला. चार बोटं सरकला. पुन्हा घातला, तेव्हा तिच्या कमरेत कळ आली आणि दगड होता तिथेच बसला. मग ती त्याच्याच आडोशाला टेकली आणि भाकरी सोडली. दुसरी भाकरी कुणासाठी बांधली, हे तिला तेव्हा कळलं. तीही खाल्ली.

घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. चूल विझलेली होती. तिकडे न बघता तिने आधी फोन लावला.

"आणलास?" टॉरमडचा आवाज बारीक झाला होता.

"नाही."

"दलदल भरली होती का?"

"नाही. वर गेले होते. तुझी अक्कल उचलून पाहिली, हलली नाही."

तो हसायला गेला आणि खोकला.

"मग नियमाचं काय, ओइरिक? वर दगड आहे."

"मग खाली धूर निघेल," ती म्हणाली. "मी बघते. तू झोप."

काडेपेटी घेऊन ती शेजारी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत ओल होती, टेबलावर त्याचा चष्मा होता. कोपऱ्यातल्या पीटच्या विटा मात्र कोरड्या होत्या. तिने चूल झाडली, विटा उभ्या रचल्या, फुंकर घातली. पहिला धूर खोलीत कोंडला, मग त्याला वाट सापडली. ती त्याच्या खुर्चीत नाही बसली. समोरच्या बाकावर, नेहमीच्या जागी बसून राहिली.

मग फावड्यावर एक निखारा घेतला आणि वाऱ्याला पाठ करून, पदराआड दिवा न्यावा तसा जपत, आपल्या विझलेल्या चुलीकडे निघाली.