तीन मिनिटं उरली असताना मोजलेली काठी

आर्विड मौनुला अकरा वर्षं बर्फावरची हॉकी पोटासाठी खेळला. त्यातले मोठ्या लीगमधले सामने फक्त नऊ. बाकी सगळे लहान गावांच्या संघांकडून, बसमध्ये पाय आखडून घेत. तो बचावाला असे. समोरून पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, सुटला की अंग आडवं घालायचं, मार खायचा, उठून पुन्हा जागेवर जायचं. बाप टॅमरॅक बेच्या तांब्याच्या खाणीत वॅगनी ढकलायचा. त्याने मुलाचा एकच सामना बघितला आणि म्हणाला, "दुसऱ्या सत्रात दमलास. बाकी ठीक."

गुडघा गेला तेव्हा आर्विड गावी परतला. गावातल्या छोट्या कॉलेजला हॉकीचा कोच हवा होता. पहिल्या हिवाळ्यात त्याने मुलांना दोन आठवडे काठीला हात लावू दिला नाही, नुसतं स्केटिंग करून घेतलं. सहा जण सोडून गेले. उरलेल्यांच्या जिवावर संघाने चार सामने जिंकले. पाचव्या वर्षी अकरा जिंकले. लीगचा कप मात्र एकदाही आला नाही.

तेराव्या वर्षी लॉयल प्रेस्कॉट नावाचा नवा क्रीडाप्रमुख आला. हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याने आर्विडला सांगून टाकलं, "या वर्षी कप आला नाही तर तुझा करार पुढे जाणार नाही. मागाहून वाईट वाटून घेऊ नकोस."

"बरं," आर्विड म्हणाला आणि सरावाला गेला.

मार्चमध्ये संघ अंतिम सामन्याला पोचला, तोही घरच्या बर्फावर. तिसऱ्या, शेवटच्या सत्रातली तीन मिनिटं उरली होती आणि पाहुणे तीन-दोनने पुढे होते. त्यांचे दोन गोल गेरिटी नावाच्या पोराचे, सतरा नंबरचे. आर्विडचा सहायक कर्ट पूर्वी त्याच्याच हाताखाली खेळलेला. तो बाकामागून वाकला.

"कोच, गेरिटीची काठी बघितलीत का? पातं कसलं, पळी आहे ती. सूप वाढता येईल."

"पहिल्या सत्रातच बघितली."

"मग मोजायला लावा ना. पात्याचा बाक अर्ध्या इंचाच्या वर निघाला की तो दोन मिनिटं बाहेर. ते चार, आपण पाच."

"आणि नाही निघाला तर शिक्षा आपल्याला, आपण चार."

"निघणार हो. आंधळ्यालाही दिसेल."

तेरा वर्षांत आर्विडने कुणाची काठी मोजायला लावली नव्हती. ज्याला खेळून जमत नाही तो फूटपट्टी मागतो, असं त्याचं मत. पण संघात चौथ्या वर्षाची पाच मुलं होती. चार हिवाळे रोज पहाटे येऊन त्यांनी कष्ट उपसले होते. त्यांच्या कष्टांपुढे आपलं मत मिरवावं, हे त्याला पटेना. त्याने कप्तान पीट विडमारला बोलावलं.

"रेफ्रीला सांग, सतरा नंबरची काठी मोजायची."

"नक्की ना, कोच? गावात भित्रे म्हणतील आपल्याला."

"म्हणू देत. जा."

रेफ्री काठी घेऊन वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलाकडे गेला. गेरिटी कठड्याला टेकून बाकावरच्या पोरांशी गप्पा मारत होता. त्याच्या तोंडावर काळजी नव्हती. तेव्हा कुठे आर्विडने त्या पात्याकडे नीट बघितलं. पात्यावर पांढरी कोरी पट्टी गुंडाळलेली होती. पहिल्या सत्रात काळी होती.

शेवटच्या सत्रात मोजणी मागतात, म्हणून वाकडी काठी खोलीत ठेवायची आणि सरळ घेऊन बाहेर यायचं. ही गोष्ट आर्विडने स्वतः अकरा वर्षं केली होती.

मोजपट्टी लावली, तर बाक अर्ध्या इंचाच्या आत निघाला. रेफ्रीने मान हलवली आणि आर्विडच्या संघाला दोन मिनिटांची शिक्षा दिली. चाळीस सेकंदांत चौथा गोल झाला. सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत मुलं पॅड उतरवत होती. आर्विड दारातच उभा राहिला.

"सामना मी घालवला. कुणी दुसरं काही सांगितलं तर ऐकू नका."

विडमार बूट सोडत होता. "मी पण दोनदा उशिरा मागे आलो, कोच."

"आलास खरा. त्याचं सोमवारी बोलू."

विडमारसारख्या चौथ्या वर्षाच्या मुलांना आता सोमवारचा सराव नव्हता, हे बाहेर पडल्यावर आर्विडच्या ध्यानात आलं.

सोमवारी प्रेस्कॉटने त्याला बोलावून दार लावून घेतलं.

"काठीची कल्पना कर्टची होती, असं ऐकतोय. कॉलेजला मला काहीतरी सांगावंच लागेल. तो गेला तर तुला अजून एक वर्ष मिळवून देता येईल."

"कर्टला पहिल्या सत्रात दिसलं ते त्याने सांगितलं. तिसऱ्यात बघायचं काम माझं होतं."

"इतकं कोण बघत बसतं, आर्विड?"

"कोच बघतो. त्याचाच तर पगार घेतो मी."

"म्हणजे तू जाणार?"

"ठरलं होतं ना तसं?"

आर्विडने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कपाट रिकामं करायला त्याला वीस मिनिटं लागली.

एप्रिलच्या एका शनिवारी कर्ट त्याच्या घरी आला. आर्विड मागच्या अंगणात सौनासाठी, वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडत होता.

"मला कोच करतायत," कर्ट म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार."

"घे."

"माझ्यामुळे गेलं सगळं, कोच."

"काठी मोजायला मी लावली. तुझ्यामुळे काही गेलं नाही." आर्विडने ओंडका उभा केला आणि फोडला. "पण तिसऱ्या सत्रात ती काठी तूही बघितली नव्हतीस. न बघताच आंधळ्यालाही दिसेल म्हणालास."

कर्टने पायाजवळची ढलपी बाजूला सारली. "हो. नव्हती बघितली."

"मग झालं. ती फोडलेली उचल आणि आत आण. सौनातले दगड अजून तापायचेत."