तिसऱ्या हाकेची हजेरी

धान झोडपून झालं तरी खळ्यावर तणस उरतेच. आमच्या समाजमंदिरातल्या म्हाताऱ्यांच्या वर्गाचं तसंच झालं. व्यायाम केव्हाच बंद पडला, किस्से मात्र उरले. हळदीकुंकवाला बायका जमल्या की पहिली फर्माईश त्या किश्श्यांचीच. मी हसत सुरू करते, पण मध्येच कुणीतरी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतं.

पोंभुर्ण्याकडे आमचं गाव. ब्लॉकची योजना आली, जंगलाला लागून समाजमंदिर उभं राहिलं आणि साताऱ्याकडच्या कुसुमताई ग्रामसेविका म्हणून आल्या. म्हाताऱ्यांनी रोज सकाळी हातपाय हलवावेत, दीर्घ श्वास घ्यावा, ही त्यांची तळमळ.

पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली. सगळे समोर बसलेले, पण एकानेही ओ दिली नाही!

"तुम्हीच ना फागूभाऊ?" पुढच्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ओ का देत नाही?"

"तिसऱ्या हाकेबिगर कोनी ओ देते का, बाई? जंगलातलं थे दोनदाच हाक मारते. तिसरी मारली का समजाचं, मानूस हाय."

तेव्हापासून प्रत्येकाचं नाव तीनदा. अर्धा वर्ग हजेरीतच जायचा. फागूभाऊ म्हणाले, "सायबानं इचारलं तं सांगा, गळ्याचा व्यायाम हाय."

*

माझ्या सासूबाईंना, म्हणजे मामीजींना, मीच हट्टाने तिथे नेलं. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, बांबू तोडायला जंगलात गेले ते परतलेच नाहीत. कुऱ्हाड तेवढी सापडली. मामीजींनी कुंकू पुसू दिलं नाही. जंगलाकडे तोंड करून दारात बसायच्या. बसून बसून गुडघे आखडले, उठणं बंद झालं.

"थे आवाज देतीन, मंग मले जा लागन," एवढंच म्हणायच्या.

मी महादेवाला सोमवार बोलले. पाय येऊ दे आणि माणूस घरात राहू दे, अशी जोडीने मागणी घातली. फागूभाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "सूनबाई, मोठी भोळी तू. पाय आले का म्हातारी पयले जंगलातच जाईन."

ते मला तोवर सुचलंच नव्हतं. पण बोललेला सोमवार सोडता येतो का?

*

डोळे मिटून श्वास घ्यायचा, असं ताई शिकवत. हे लोक एक डोळा उघडाच ठेवायचे. जंगलाला पाठ देऊन डोळे मिटत नाहीत आमच्याकडे. शेवटी तोड निघाली. सगळ्यांनी दारातून दिसणाऱ्या जंगलाकडे तोंड करून बसायचं, ताईंची तेवढी पाठ.

"तुमच्या मांगं पाहाले आम्ही आहो ना," फागूभाऊंनी धीर दिला.

एकदा श्वास चालू असताना सगळ्यांचे डोळे एकदम उघडले आणि ताईंच्या खांद्यावरून मागे खिळले. ताई धीराच्या. मान न वळवता "सोडा श्वास" म्हणाल्या. कुणी सोडला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "काय होतं हो?"

फागूभाऊ म्हणाले, "आता नाई हाय."

*

जंगोबाई पलीकडच्या गोंड पाड्यावरची. मोहाच्या बियांचं तेल आणून सगळ्यांचे गुडघे चोळायची. वर्ग संपेपर्यंत तिचं बोलणं आणि तिचा हात, दोन्ही थांबत नसत.

मामीजी आपल्या शेजारी एक रिकामं पोतं अंथरत. तिथे कुणाला बसू देत नसत. एकदा मामीजींचे गुडघे चोळून झाल्यावर जंगोबाईचा हात ओघातच त्या पोत्यावर गेला. ती बोलायची थांबली. हात लुगड्याला पुसला.

"काऊन वं?" मी विचारलं.

"वल्लं हाय."

मी हात लावून पाहिला. पोतं खरंच ओलं होतं. पाऊस जाऊन महिना झाला होता, खालची जमीन कोरडी ठणठणीत.

घरी येऊन मी देवापुढे जास्तीची वात लावली. दुसरं काय करणार?

*

आणि हा शेवटचा. कार्तिकातला सोमवार, माझा उपास. मामीजी आता काठी धरून उठू लागल्या होत्या. फागूभाऊंचं बोलणं आठवून मी त्यांच्या मागेच बसले होते, पदराचं टोक मुठीत धरून.

धुकं इतकं की सागाची झाडं दिसत नव्हती. हजेरी झाली होती, श्वास चालू होता. आणि धुक्यातून हाक आली.

"बापूची माय वंऽऽ"

बापू म्हणजे माझे यजमान. गावात मामीजींना सगळे काकी म्हणत. अशी हाक मारणारा माणूस एकच होता.

सगळ्यांनी डोळे उघडले. ताईंनीसुद्धा.

दुसरी हाक आली. जंगोबाईने जमिनीला हात लावला. फागूभाऊ माझ्याकडे बघून पुटपुटले, "झालं आता. तिसरी येत नाई."

तिसरी आली.

मामीजी उठल्या. काठी खालीच राहिली. कुणाचा हात नाही, आधार नाही, तरण्या पोरीसारख्या ताठ. पदर माझ्या मुठीतून सुटला. त्या चालत दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या.

"आयकली!" त्या धुक्याकडे बघून म्हणाल्या. "ओरडून कायले राह्यले? मांडी मोडत नाई अजून माही, व्यायाम चालू हाय. सुनेचा सोमवारही सुटाचा हाय. तुम्ही व्हा पुढं."

मग वळल्या, जागेवर येऊन बसल्या आणि शेजारचं पोतं गुंडाळून मांडीखाली घेतलं.

"घ्या बाई," कुसुमताईंना म्हणाल्या, "कुठवर आलो होतो आपुन?"