पट्टीवरचा अंगठा

आमच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांना आतून लावायच्या पट्ट्या बनत. पट्टी प्लास्टिकची, वर लाकडासारखी दिसणारी पातळ फिल्म चिकटवलेली. फिल्मखाली तिळाएवढा फुगा राहिला, तरी पुढे उन्हात ती सुटून येई. असे फुगे डोळ्यांना दिसत नसत. ते शोधणारा एकच माणूस होता. पट्टीवर अंगठा फिरवून तो फुगा सांगे, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत.

"काय डॉक्टर, पेशंट वाचतोय का?"

"हा वाचेल. तुझं मात्र अवघड आहे."

मी त्याच्या शेजारच्या टेबलावर पट्ट्या कापायचो. मला नीट लिहिता येत नाही, पण त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

तपासण्याआधी पट्टी तो थिनरने पुसायचा, उघड्या हाताने. बावीस वर्षांत अंगठा बधिर झाला. हे त्याने लपवलं. तपासणीचं टेबल हातचं गेलं की फिल्म चिकटवायचं सोल्युशन ढवळायच्या खोलीत पाठवत, आणि त्याच खोलीत काम करून त्याचा थोरला भाऊ खोकून खोकून गेला होता. मग तो सगळ्यांकडे पाठ करून पट्टी खालच्या ओठावरून फिरवू लागला. ओठाला फुगा बरोबर कळे. मी एकदा पाहिलं.

"घरी बोलू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला वाटतं, ओठ तंबाखूने फाटलाय. सोडायची शपथ घातलीय तिने. मी आयुष्यात कधी खाल्ली नाही, आता सोडू काय?"

सुपरवायझरला संशय आलाच. एका दुपारी त्याने सगळ्यांसमोर पाच पट्ट्या मांडल्या. "यातली एक खराब आहे. दाखवा."

डॉक्टरने पाचही पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग पहिली उचलून ओठापर्यंत नेली. तेवढ्यात कोणीतरी हसलं. तो मी होतो. मला सगळं ठाऊक होतं, जीव टांगणीला लागला होता, तरी हसू फुटलं. मग बाकीचेही हसले.

त्याने पट्टी खाली ठेवली. "ही," म्हणाला, आणि अंदाजाने तिसरीवर बोट ठेवलं. खराब दुसरी होती.

सोमवारपासून तो त्या खोलीत गेला. मी दाराशी उभा राहून माफी मागायला लागलो, तर म्हणाला, "अरे, पट्टीचा मुका घेणारा म्हातारा बघून मीही हसलो असतो. जा आता. दार लाव, वास बाहेर येतोय."

मी दार लावलं.