तिसरी हाक

दारव्ह्याजवळच्या तांड्यावर खेमसिंग राठोड वर्षानुवर्षं एकच कार्टूनचा पिक्चर दाखवायचा, आणि त्या पिक्चरला त्याच्याइतकी नावं कुणी ठेवली नसतील. सशाच्या पिल्लाची जुनी विलायती गोष्ट. त्यातलं पुराचं पाणी मात्र असं काढलेलं, की पोरं बसल्या जागी पाय वर घेत. बाकी गाणी उगाच, घुबडाचे विनोद शिळे. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे, पिल्लाची आई पुरात वाहून जाते आणि पुढे कुणी तिचं नावही काढत नाही. पिल्लू आपलं नाचतंय, गातंय!

"असं कोनतं लेकरू मायले इसरते?" त्याची बायको झमकूबाई एकदा चिडून म्हणाली. मग दोघांनी मिळून पिक्चरच दुरुस्त केला. मूळ आवाज बंद. सगळी पात्रं खेमसिंग माईकवर बोलायचा. शेवटी पिल्लू नदीकाठी बसलं, की तो पिल्लाच्या आवाजात हाक मारी, "याडी!" याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, कोण बोलावतंय सांगता येत नाही, अशी जुन्यांची शिकवण. म्हणून झमकूबाई पडद्यामागून तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, आणि पोरं सुखानं घरी जात. नवऱ्याचं नाव मात्र या बाईनं जन्मात घेतलं नाही. "अवं" म्हटलं की भागायचं.

ती वारली आणि खेमसिंगनं पडदा गुंडाळून ठेवला. तिसरी हाक मारली आणि ओ आली नाही, तर ती खरंच गेली असं होईल. त्याला तेवढीच भीती होती.

यंदा अंगणवाडीच्या विमलताई हटूनच बसल्या. "दादा, दाखवा ना पोरायले. कायले भेता?"

भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पडदा खेमसिंगनं थेट भिंतीवर ठोकला. मागे कुणी उभं राहील एवढी जागा त्यानं मुद्दामच ठेवली नाही.

पूर आला, पोरांनी पाय वर घेतले. शेवटी पिल्लू काठावर बसलं. खेमसिंगनं दोन हाका मारल्या आणि माईक बंद करून खाली ठेवला. पण पोरं थोरल्या भावंडांकडून सगळं ऐकून आलेली. त्यांनीच एका सुरात तिसरी हाक मारली, "याडी!"

"ओ," पडद्यातून आवाज आला.

पोरं खुशीत उठली, चपला शोधत बाहेर पळाली. विमलताई खाऊचा डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. भिंतीला चिकटलेला पडदा मधोमध फुगला होता. मग त्याच आवाजात, झमकूबाईच्याच आवाजात, हाक आली, "खेमसिंग!"

विमलताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. "दादा, ओ देऊ नका! पयलीच हाक हाय. अन् वहिनीनं कधी तुमचं नाव घेतलं व्हतं काय?"

नव्हतं घेतलं. खेमसिंगइतकं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्यानं हात सोडवून घेतला आणि ओ दिली.