माझ्या मानेनं दाखवलेली बाई

माझी मान डावीकडे उडते. आत्ता हे लिहितानाही उडाली. डोळे आपोआप मिचकतात, घशातून पिल्लू केकाटल्यासारखा आवाज निघतो, आणि अधूनमधून तोंडातून अशी शिवी जाते की समोरच्याला वाटतं, ती त्यालाच दिली. पन्नाशी उलटल्यावर पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. मेंदूतली गडबड. भूत नाही, देव नाही आणि मस्ती तर नाहीच. मी त्यांच्यावर उगाचच चिडले. हे ऐकायची गरज मला नऊ वर्षांची असताना होती.

आमचं गाव मिरजगावच्या बाजूला, कोरडवाहू जमिनीचं. घरात तीन भाऊ एकत्र: थोरले काका, मधले माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि धाकटे काका. तिघांच्या बायका एकाच चुलीवर रांधायच्या. मान उडायला लागली तेव्हा सगळ्यात आधी शाळेतल्या गुरुजींना वाटलं, मी त्यांना वेडावते. त्यांनी बोटांच्या पेरांवर छडी मारली. पुढच्याच क्षणी मी त्यांना भाड्या म्हणाले. मला म्हणायचं नव्हतं, पण हे कुणाला सांगणार? त्या दिवशी छडी मोडली आणि माझी शाळा सुटली.

घरी दादांचा कासरा होता. बैलाचा दोर, दुहेरी करून पाठीवर. हिसका थोडा वेळ धरून ठेवता यायचा, शिंक धरतो तसा. पण धरलेलं सगळं मागाहून एकदम बाहेर पडायचं, आणि दादा म्हणायचे, "बगा, आत्ता गप हुती का न्हाई? मंजी मुद्दाम करती." मग आणखी मार. मारताना दादा स्वतः घाबरलेले असायचे, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मला फक्त दोर दिसायचा आणि मी त्यांचा मनापासून द्वेष करायचे.

माराने भागेना म्हणून डाग दिला. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा आला, विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि माझ्या मानेवर टेकवलं. आईनं माझे पाय धरले होते. आपलंच कातडं जळल्याचा वास एकदा नाकात गेला की जात नाही. मान काही थांबली नाही, उलट जखमेमुळे जास्तच उडायला लागली आणि दर हिसक्याला खपली निघायची.

मग जामखेडकडचा एक देवऋषी आणला. त्यानं माझ्यावर घोंगडी टाकली आणि खाली निखाऱ्यांवर लाल मिरच्या टाकल्या. मी ओरडले, ओकले, बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा पहिली मान उडाली आणि पाठोपाठ त्याच्या आईचा उद्धार झाला. देवऋषी चार पावलं मागे सरकला. एवढी धुरी देऊन भूत निघालं नाही म्हणजे त्याचीच नाचक्की, म्हणून असेल, पण त्यानं चटकन हात जोडले. "ही बाधा न्हाई," तो म्हणाला. "देवीचं वारं हाय. हिला हात लावू नका, भस्म व्हाल."

झालं. मार बंद झाला. मी तीच, मान तीच, शिव्याही त्याच, पण आता दर शुक्रवारी दुपारी मला न्हाऊ घालून, मळवट भरून स्वयंपाकघरात पाटावर बसवायचे. पाट पूर्वेकडे तोंड करून मांडायचा, कारण देवी पूर्वेकडे बघते. गावातल्या बाया समोर बसायच्या आणि कौल लावायच्या. शिवी आली तर देवी कोपली, मान उडाली तर देवीनं खूण केली. गुरुजींची बायकोसुद्धा येऊन माझ्या पाया पडून गेली. मला हसू यायचं, पण पाठीवरचे वळ बुजत चालले होते. तेवढ्यासाठी मी जन्मभर देवी राहायला तयार होते.

त्या साली उन्हाळा वाईट गेला. पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेला होता, वैरण संपली होती, आणि थोरल्या काकूची म्हैस दूध देईना. सडातून रक्त यायला लागलं. चार दिवसांत रेडकू मेलं. थोरली काकू म्हणाली, ही करणी आहे. कुणी केली ते शुक्रवारी देवीलाच विचारू.

शुक्रवारी घर भरलं. पुरुषही दारात येऊन उभे राहिले. थोरल्या काकूनं माझ्या उजव्या बाजूला बसून पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "आई, कुनाचं काम हाय ह्ये? दाव त्येला."

इतक्या डोळ्यांनी एकदम बघितलं की माझी मान हमखास उडते. उडाली. डावीकडे. डावीकडे चूल होती आणि चुलीपाशी धाकटी काकू भाकरी थापत बसली होती. शुक्रवारी सगळ्या घराच्या भाकऱ्या तिच्याच वाट्याला असत, कारण लग्नाला सहा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं आणि मूल नसलेल्या बाईनं पूजेत पुढे बसायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. म्हणजे त्या पाटावरून माझी मान कधीही उडाली तरी तिच्यावरच जाणार होती. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिला हात तिच्या नवऱ्यानंच टाकला. केसांना धरून चुलीपासून ओढलं, परात उलटी झाली, पीठ सगळीकडे उडालं. थोरल्या काकांनी कमरेत लाथ घातली. ती ओरडत होती, "म्या काय क्येलं ओ? म्या काय क्येलं?" थोरली काकू मला विचारत होती, "हीच ना आई? हीच ना?" आणि भीतीनं माझी मान थांबेना. मान उडाली की बाया "हीच, हीच" म्हणायच्या, आणि त्याबरोबर तिला लाथ बसायची. मी दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवलं. मान हातांना घेऊन उडाली. तिचा ओठ फाटला, दात रक्तानं भरले. माझी आई तोंडावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

"जीभ डागा हिची," कुणीतरी म्हणालं. "मंजी परत मंतर म्हननार न्हाई." थोरल्या काकांनी उलथनं जाळात सारलं. दोघींनी काकूचे हात धरले, धाकट्या काकांनी जबडा.

उलथनं लाल होत होतं. मी बोलले नाही तर तिची जीभ जाणार होती. बोलले तर देवी संपणार आणि कासरा परत येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला माझी पाठ फार प्यारी होती. पण तो वास माझ्या नाकात आधीच आला होता.

मी उठले, पाट उचलला आणि उलटा मांडला. पश्चिमेकडे तोंड करून बसले. आता माझ्या डाव्या हाताला थोरली काकू होती. मान उडाली. थेट तिच्यावर.

थोरली काकू झटकन मागे सरकली.

"आता हिची डागा," मी म्हणाले. मग पाट आणखी फिरवला. डावीकडे दार आलं, दारात दादा. मान उडाली. "आता ह्येंची डागा! देवी न्हाई, काय न्हाई! माजी मान हाय ही, डावीकडंच जाती, बसवाल तिकडनं डावीकडं जाती, माज्या हातात न्हाई!" बोलता बोलता थोरल्या काकांना एक घाणेरडी शिवीही गेली. ती मात्र त्या दिवशी मी मनापासून दिली होती की आपोआप गेली, मला आजही सांगता येणार नाही.

बाया एकेक करून उठल्या आणि निघून गेल्या. काकूचे हात कधी सुटले ते दिसलंच नाही. थोरल्या काकांनी उलथनं पाण्याच्या बादलीत फेकलं. तिची माफी कुणीही मागितली नाही, ना तेव्हा, ना नंतर. सगळ्यांचा राग माझ्यावर वळला, कारण मी त्यांना गावासमोर वेड्यात काढलं होतं. दादा कासरा घेऊन आत आले. पहिला फटका मळवटावरच बसला.

दुसरा बसला नाही. धाकटी काकू पिठातून उठून आली होती. तिनं दोर हवेतच मुठीत धरला. तळहात सोलला, पण तिनं सोडला नाही. तोंडातलं रक्त दादांच्या पायाशी थुंकून ती म्हणाली, "भावजी, आता मारलं तर मी पोलिसांच्या चौकीवर जाऊन सांगन, कोन कुनाला डागत हुतं त्ये." आमच्या घरात भावजयीनं मोठ्या दिराकडे मान वर करून बघितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. दादांनी दोर ओढला, तिनं उलट ओढला. शेवटी दादांनीच सोडला आणि ते बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी मला कधीच मारलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. मारलं. पण आधी बघून घ्यायचे, धाकटी कुठे आहे ते.

काकूनं मला चुलीमागच्या कोपऱ्यात नेलं. माझ्या कपाळाला हळद लावली. स्वतःच्या ओठाला लावायला ती विसरली होती. मी हिसका धरून ठेवला होता, तिच्यापुढे तरी नको म्हणून, पण तो सुटलाच, एकदा, दोनदा, लागोपाठ. ती दचकली नाही. फाटक्या ओठानं हळूच म्हणाली, "एवडी उडती, तर मान दुकत आसंल की गं तुजी."

डाग देणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, धुरी देणाऱ्यानं विचारलं नव्हतं, पाया पडणाऱ्यांनी तर नाहीच.

"लई दुकती," मी म्हणाले, आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडले. तिनं तेलाची वाटी जवळ ओढली आणि डागाची जागा सोडून मान चोळायला घेतली.